पदवीनंतर डॉक्टरकी: कर्ज आहे, बर्सरी आहे, पण पहिले ३,४६५ पौंड?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी साताऱ्याची. पुण्यातून बायोटेकमध्ये एमएस्सी, मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीमागोमाग कॉव्हेंट्री. वय ३४, मुलगी सहा वर्षांची. गेली चार वर्षं इथल्या एका रुग्णालयात रक्त काढायचं काम करते. सकाळी साडेसातला ट्रॉली घेऊन वॉर्डात शिरायचं, शीर चाचपायची, जांभळ्या टोपणाची नळी, पिवळ्या टोपणाची नळी, खाटेशेजारी उभं राहूनच नाव आणि जन्मतारीख लिहायची, की पुढची खाट. शीर मला सापडते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण त्या रक्तात पुढे काय निघालं हे मला कधीच कळत नाही. हजारो नळ्या भरल्या असतील, निकाल एकीचाही नाही. सासूबाई सगळ्यांना सांगतात, "सून लॅबमध्ये आहे." लॅबही नाही हो, लॅबच्या अलीकडे.

आपल्याकडे बारावीला गाडी चुकली की चुकली. इथे आणखी एक दार आहे, ते मला इथे येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं. कुठलीतरी पदवी आधी घेतलेल्यांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम, ज्याला ग्रॅज्युएट एन्ट्री म्हणतात. २००० साली लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये आणि लेस्टर-वॉरिकमध्ये तो सुरू झाला. वॉरिकला तर फक्त पदवीधरच घेतात आणि पदवी कुठल्याही विषयातली चालते. इतिहास शिकलेला, कायदा शिकलेला, सगळे एका बाकावर. यूकॅट ही प्रवेशपरीक्षा दिली (दुसऱ्या खेपेला), ऑक्टोबरच्या १५ तारखेआधी अर्ज गेला, मुलाखत झाली आणि गेल्या आठवड्यात एका ठिकाणाहून ऑफर आली. कुठून ते सांगत नाही, दृष्ट लागते.

आता खरा मुद्दा. मला वाटत होतं, इथे सगळं कर्जावर होतं, शिकायचं, मग पगारातून कापून घेतील. बऱ्याच अंशी तसंच आहे. फक्त पहिल्या वर्षाच्या फीतले ३,४६५ पौंड स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. त्याला कर्ज नाही, बर्सरी (परत न फेडायचं अनुदान) नाही. शिवाय मी नोकरी सोडणार, म्हणजे घरात एकाच पगारावर हप्ता, गॅस-वीज, पोरीचं शाळेनंतरचं पाळणाघर. नवरा म्हणतो, बघू. "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

चाळीस वर्षांच्या कर्जाची मला भीती वाटत नाही, सप्टेंबरची वाटते. कुणी यातून गेलंय का?

---

निमशहरी

अभिनंदन! वाचनखूण साठवली. बाकी जाणकार सांगतीलच.

---

हिशोबनीस

अभिनंदन ओसरी. आकडेमोड हा माझा प्रांत, म्हणून टंकाळा बाजूला ठेवून लिहितो. सगळं इंग्लंडपुरतं आणि २०२५-२६ च्या दरांनी. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, ते यात मिसळू नका. इथून पुढे फी दरवर्षी महागाईबरोबर वाढवायचं सरकारनं जाहीर केलंय, तेव्हा तुझे आकडे थोडे चढे असतील.

वर्षाची फी ९,५३५ पौंड. पहिल्या वर्षी तू ३,४६५ भरायचे, उरलेल्या ६,०७० ला स्टुडंट फायनान्सचं (सरकारी विद्यार्थी-कर्जाचं खातं) कर्ज मिळतं. दुसऱ्या वर्षापासून एनएचएसची (इथली सरकारी आरोग्यसेवा) बर्सरी दरवर्षी ३,७१५ भरते आणि ५,८२० चं कर्ज. चार वर्षांची बेरीज ३८,१४०. त्यातले तुझ्या खिशातले ३,४६५, एनएचएसचे ११,१४५ आणि कर्ज २३,५३०. फीचं म्हणून एवढंच, राहण्या-खाण्याचं कर्ज याच्यावर.

फेडीचं म्हणशील तर आत्ता सुरू करणाऱ्याला पाचव्या प्लॅनचं कर्ज लागतं. २५,००० च्या वरच्या पगारावर ९ टक्के. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरचा मूळ पगार २०२५-२६ मध्ये ३८,८३१ होता, म्हणजे महिन्याला १०४ पौंडांच्या आसपास कापले जातील. ४० वर्षांनी उरलेलं माफ. तू तेव्हा ऐंशीच्या घरात असशील, केक आणू (दिवे घे).

बाय द वे, ३,४६५ हा आकडा असा विचित्र का, हे कुणी विचारत नाही. २०१२ मध्ये इथली फी एकदम ९,००० वर नेली. त्याआधी दाखल झालेल्या जुन्या विद्यार्थ्यांची फी त्या वर्षी होती बरोबर ३,४६५. घर पाडून नवं बांधलं, पण जुनी पायरी तशीच ठेवली आणि आता येणारा प्रत्येक जण तिला ठेचकाळतो, असा प्रकार आहे.

---

तिखटमीठ

३,४६५ पौंड म्हणजे साधारण चार लाख रुपये ना? आणि बाकी सगळं पगार सुरू झाल्यावर? आमच्याकडे खाजगी कॉलेजात एमबीबीएसच्या एका वर्षाला काय पडतं ते विचारा एकदा, मग रडा. चार लाखांत आमच्याकडे नुसती चौकशी होते.

---

ओसरी

@तिखटमीठ, मान्य. पण रुपयांत गुणून दुःख लहान होत नाही हो. माझा पगारही पौंडातच आहे आणि तो सप्टेंबरपासून बंद होणार.

@हिशोबनीस, पायरीची उपमा नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "बघू."

---

मिरजेचे_अण्णा

मी ८० च्या दशकातला एमबीबीएस, प्रॅक्टिस आता मुलगा बघतो. मुली, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. ३४ ला सुरू करून ३८ ला हाती डिग्री, पुढे दोन वर्षं फाउंडेशन (नव्या डॉक्टरांचं प्रशिक्षण), मग स्पेशालिटीच्या रांगेत. माझी पुतणी तिकडेच आहे, ती सांगते की २०२५ मध्ये स्पेशालिटीच्या साधारण १०,००० जागांना ३०,००० च्या वर अर्जदार होते. पोरीचं वय काय असेल तेव्हा? ज्या हाताला शीर सापडते त्या हाताला तिथेही मान आहेच की.

आणि दुसरी गोष्ट कान देऊन ऐक. उद्या भारतात परत यायचं मनात असेल तर ही चार वर्षांची डिग्री इथे चालायची नाही. २०२१ पासूनचा नियम आहे: परदेशी वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं, वर तिथे १२ महिन्यांची इंटर्नशिप. चार वर्षांचे महिने होतात ४८. शिवाय जाण्याआधी नीट पात्र असणं वेगळंच. सहा महिन्यांसाठी सगळं अडतं. माझ्या ओळखीत एकजण हे डिग्री घेऊन आल्यावर कळून कपाळाला हात लावून बसलाय.

नीटला वरची वयोमर्यादा राहिलेली नाही, २०२२ मध्ये काढली. तेव्हा हौसच असेल तर इथेही पस्तिशीत बसता येतं. पण आधीच्या पदवीची सवलत शून्य. फिजिओथेरपी केलेली असो, बीडीएस असो, नीटपासून सुरुवात, पहिल्या वर्षापासून शरीररचना. अठरा वर्षांच्या पोरांबरोबर.

---

काठावरचा

अण्णा, ५४ महिन्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या बॅचमधल्या दोन भारतीय मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत पत्ता नव्हता.

ओसरीताई, मी याच वाटेवर तिसऱ्या वर्षात आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. आधी सहा वर्षं फार्मसिस्ट होतो. ३,४६५ ची चिंता करते आहेस ती कर, पण खरा खड्डा दुसऱ्या वर्षी आहे.

पहिल्या वर्षी राहण्या-खाण्याचं पूर्ण कर्ज मिळतं. लंडनबाहेर घरापासून लांब राहणाऱ्याला २०२५-२६ मध्ये कमाल १०,५४४ पौंड, अर्थात घरच्या उत्पन्नाप्रमाणे कमी होत जातं. सप्टेंबर, जानेवारी, एप्रिल असे तीन हप्ते. खात्यात पैसे बघून वाटतं, जमेल की. दुसऱ्या वर्षी एनएचएसची बर्सरी लागते आणि सगळे म्हणतात, वा, आता सरकार पैसे देणार! देतं. १,००० पौंडांचं अनुदान सगळ्यांना आणि उत्पन्न बघून आणखी काही. पण त्याच वेळी ते मोठं कर्ज घटून निम्म्याच्याही खाली येतं. दोन्ही मिळून पहिल्या वर्षाएवढी बेरीज होत नाही. म्हणजे वॉर्डातलं काम वाढतं, रात्रपाळ्या सुरू होतात, गाडी लागते, आणि हातात येणारा पैसा कमी. हे उलटं गणित कुणी जुळवलं देव जाणे.

गाडीचं म्हणशील तर माझी सध्याची प्लेसमेंट ४० मैलांवर आहे. साडेसातच्या हँडओव्हरला पोचायचं तर पावणेसहाला निघावं लागतं, त्या वेळी बस नाही. प्रवासखर्च मागता येतो, पण आधी आपण करायचा, पावत्या लावायच्या आणि वाट बघायची.

मग मी काय करतो? शनिवारी रात्री हेल्थकेअर असिस्टंटची पाळी घेतो. एकदा त्याच वॉर्डात सोमवारी विद्यार्थी म्हणून राउंडला उभा होतो. कन्सल्टंट मला मायट्रल स्टेनोसिसबद्दल विचारत होते. खाटेवरच्या आजी मध्येच म्हणाल्या, "ह्याला मी ओळखते, परवा रात्री बेडपॅन ह्यानंच दिला. ऊब आणून दिला हो, गार नाही दिला." सगळे हसले, मीही हसलो. प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं ते बरं झालं, येत नव्हतं.

माझ्या वर्गात पाळी घेणारे आम्ही मोजके. बाकीच्यांना कुणीतरी आहे. कुणाचे आईवडील डॉक्टर, कुणाची बायको बँकेत, कुणाचं घर आजीनं ठेवून गेलेलं. कागदावर आम्ही सगळे सारखेच कर्जदार.

---

शेवंता_लिमरिक

काठावरचा, शेवटची ओळ अगदी.

ओसरी, तुला हेवा वाटावा म्हणून नाही, पण आयर्लंडचं ऐकून घे. मी कोल्हापूरची, बीएस्सी नर्सिंग, इथे अकरा वर्षं झाली, पासपोर्टही इथलाच. पदवीनंतरचं मेडिकल इथे २००६ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी लिमरिकला. दार तेच, पण आत जायची रीत वेगळी. मुलाखत नाही. चांगली पदवी आणि गॅमसॅटचे गुण, संपलं. गॅमसॅट म्हणजे ऑस्ट्रेलियातून आलेली लांबलचक परीक्षा. कविता वाचून अर्थ सांगा, दोन निबंध लिहा, मग केमिस्ट्री-फिजिक्स. नाइट ड्यूटीच्या ब्रेकमध्ये मी कार्बनी रसायन केलंय. दुसऱ्या वेळी गुण आलेसुद्धा.

आणि मग आम्ही दोघं पैशाला बसलो. सरकार आपला वाटा देतं, तरी वर्षाला पंधरा हजार युरोंच्या आसपास आपण भरायचे. युरोपबाहेरच्यांना पन्नास हजारांच्या वर. इंग्लंडसारखं पगारातून कापून घेणारं सरकारी कर्ज इथे नाहीच. सुसी या सरकारी योजनेचं विद्यार्थी-अनुदान दुसऱ्या पदवीला नाही. उरली बँक. बँकेतली मुलगी फार गोड होती, कॉफी दिली, आणि जामीनदार कोण म्हणून विचारलं. आमच्या दोन्हीकडच्या घरात मिळून इथला जामीनदार म्हणजे आमचा मांजर.

ऑफर सोडली. वाईट वाटून घेऊ नका, मी आता अॅडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनर होतेय, छान चाललंय. पण ३,४६५ म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, एवढेच?

---

पागोळी

मला एक विचारायचं आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. मी नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर अवलंबित आहे, बर्मिंगहॅमला, अडीच वर्षं झाली. मायक्रोबायोलॉजीत पदवी आहे. मला हे सगळं मिळेल का?

---

हिशोबनीस

@पागोळी, बाळबोध नाही, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. पण उत्तर कडू आहे. आत्ताच्या व्हिसावर नाही मिळणार. विद्यार्थी-कर्जासाठी कोर्सच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्याचा परवाना हातात हवा आणि त्याआधीची तीन वर्षं इथे कायदेशीर राहिलेली हवीत. नुसता व्हिसा असेल तर फीच परदेशी विद्यार्थ्याची लागते, आणि वैद्यकीयसाठी ती इथल्यांच्या फीच्या कित्येक पट असते. त्यातही परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मोजक्याच.

परवाना आत्तापर्यंत पाच वर्षांनी मिळायचा. २०२५ च्या मे महिन्यात सरकारनं तो दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव मांडला. तेव्हा व्हिसाच्या बातम्यांवर डोळा ठेव. तुझी वैद्यकीयची वाट तिथूनच जाते.

---

पागोळी

धन्यवाद. म्हणजे कर भरायचा, आरोग्य अधिभार भरायचा, आणि थांबायचं. ठीक.

---

जर्सीकर

इकडचं थोडक्यात. अमेरिकेत दुसरं दार वगैरे नाही, तेच एक दार. आधी चार वर्षं कॉलेज, मग एमकॅट, मग मेडिकल स्कूल, सगळेच पदवीधर. डॉक्टर होताना डोक्यावर दोन लाख डॉलर कर्ज असणं हे इथे सामान्य मानतात.

श्रीमंतांनी देणग्या दिल्या की बातम्या होतात. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीनं २०१८ मध्ये फी माफ केली, २०२४ मध्ये आइनस्टाइन कॉलेजला एका बाईंनी १ अब्ज डॉलर दिले आणि तिथलीही फी संपली. छान वाटतं. पण न्यूयॉर्कला फी गेल्यावर अर्ज एवढे वाढले की गुणांची चुरस आणखी वर गेली आणि सुरुवातीला गरीब घरातली मुलं वाढायच्या ऐवजी कमीच झाली. फुकट जेवणाच्या पंगतीत पहिली पानं कुणाला मिळतात ते आपल्याला लग्नाघरी माहीत आहेच.

आणि नवीन बातमी: पदव्युत्तर शिक्षणाला हवं तेवढं देणारं ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज जुलै २०२६ पासून नव्यांना बंद. डॉक्टरकीसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर ही कमाल. पुढचं खाजगी बँकेकडून घ्या. शेवंताताईंच्या बँकेतल्या गोड मुलीची बहीण इकडे असेलच.

---

युकॅलिप्टस

ऑस्ट्रेलियाचं दोन ओळींत: पदवीनंतरचं मेडिकल इथे १९९६ ला फ्लिंडर्सपासून सुरू झालं, पुढच्या वर्षी सिडनी आणि क्वीन्सलंड. सरकारी सवलतीची जागा मिळाली तर हेक्स या सरकारी फी-कर्जावर सगळं निभतं, खिशातून काही नाही. पण काही सवलतीच्या जागांना बंधन असतं, मोठ्या शहरांबाहेर तीन वर्षं सेवा. आम्हाला ते बरंच वाटलं, गाव छान आहे, फक्त कोथिंबीर मिळत नाही.

---

मावळतीचा_माळ

हे सगळं वाचून लिहावं की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझा मुलगा इथेच वाढला, लेस्टरला. बायोमेडिकल सायन्समध्ये पदवी घेतली, चांगल्या गुणांनी. चार वर्षांच्या कोर्सला दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मुलाखतीपर्यंत जाऊन राहिला. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. तिसऱ्या वर्षी त्यानं नेहमीच्या पाच वर्षांच्या कोर्सलाही अर्ज केला आणि तिथे मिळालं. आम्ही पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर कळलं की पाच वर्षांच्या कोर्सला, आधी पदवी असेल तर, फीचं कर्जच मिळत नाही. राहण्या-खाण्याचं मिळतं, फीचं नाही. चार वर्षं पूर्ण फी आपण भरायची, पाचव्या वर्षी एनएचएस भरणार.

हिशोबनीस यांनी वर बेरीज दिलीय, चार वर्षांची ३८,१४०. आमचाही आकडा तोच, ३८,१४०. फक्त ओसरीच्या ३८,१४० मधले तिनं रोख द्यायचे ३,४६५, आणि आमचे सगळेच्या सगळे. त्याच शहरात, त्याच वॉर्डात दोघं शेजारी उभे राहतील. एकच डॉक्टर दोघांना तेच शिकवेल.

तळेगावला सासऱ्यांनी घेतलेली एक जागा होती. निवृत्त झाल्यावर घर बांधू म्हणून ठेवलेली, दोन आंब्याची झाडं होती. विकली. मुलाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही सांगितलं की तशीही विकणारच होतो.

त्याच्याबरोबरच्या एका मुलीलाही अशीच पाच वर्षांची ऑफर होती. तिचे वडील टॅक्सी चालवतात. तिच्याकडे तळेगाव नव्हतं. ती आता शाळेत विज्ञान शिकवते.

---

हिशोबनीस

काकू, शब्द नाहीत. तुमच्या मुलाच्या कामाचं नाही, पण मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो: २०२७ च्या जानेवारीपासून लाइफलाँग लर्निंग एन्टायटलमेंट म्हणून नवी कर्जव्यवस्था येतेय, आणि समकक्ष पदवी आधी आहे म्हणून कर्ज नाही हा नियम तिच्यात काढणार असं सरकारनं जाहीर केलंय. प्रत्येकाला साधारण चार वर्षांच्या फीएवढी मर्यादा. पण पहिल्या पदवीला घेतलेलं कर्ज त्यातून वजा होतं. तेव्हा सरळ इथेच पदवी घेतलेल्या मुलांच्या हाती किती उरेल ते ज्यानं त्यानं आपापलं मोजून बघा.

---

तिखटमीठ

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. तळेगावनंतर गुणाकार सुचत नाही.

कुणी म्हणतं अॅप्रेंटिसशिपमधून डॉक्टर होता येणार होतं, पगार घेत घेत शिकायचं? त्याचं काय झालं?

---

काठावरचा

घोषणा जोरात झाली होती, एनएचएसच्या २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्यात. २०३१-३२ पर्यंत वैद्यकीय जागा १५,००० करायच्या हेही त्याच आराखड्यातलं. अॅप्रेंटिसशिपची गाडी फलाटावरच राहिली. वर आता त्या पातळीच्या अॅप्रेंटिसशिपना सरकारी पैसा बावीस वर्षांच्या आतल्यांनाच. ज्यांच्या डोक्यावर घराची जबाबदारी आहे, ज्यांना खरंच पगार घेत शिकायची गरज आहे, ते वयानंच बाद.

---

मिरजेचे_अण्णा

ओसरी, परवा मी जरा जास्तच बोललो. सूनबाईनं सगळा धागा वाचून दाखवला. आमच्या वेळी सरकारी कॉलेजची फी इतकी किरकोळ होती की वडिलांनी एकदा गूळ विकून भरली, त्यामुळे हे असलं काही डोक्यात येत नाही आमच्या. वयाचं म्हणालो ते सोड. भारतात यायचं नसेल तर ५४ महिन्यांचंही सोड.

मात्र पोरीच्या पाळणाघराचं काय करणार आहेस ते सांगितलं नाहीस.

---

ओसरी

अण्णा, राग कधीच नव्हता. तुम्ही बोललात म्हणून ५४ महिन्यांचं कळलं. आम्ही दोघांनी त्यावर एक अख्खा रविवार घालवला आणि परत यायचं नाही असं पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. नऊ वर्षं आम्ही ते वाक्य टाळत होतो. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

पाळणाघराला विद्यार्थ्यांसाठी मदत आहे. पहिल्या वर्षी स्टुडंट फायनान्सकडून, मग बर्सरीकडून, खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. तीही घरचं उत्पन्न बघून, म्हणजे आमच्या वाट्याला त्यातलं थोडंच येईल. काठावरचा, दुसऱ्या वर्षाच्या खड्ड्याबद्दल तू लिहिलंस ते चिकटपट्टीनं फ्रिजवर लावलंय. मीही शनिवारची पाळी धरणार आहे. माणूस तोच, ट्रॉली तीच. फक्त सोमवारी मला त्या नळ्यांचा निकाल बघता येईल.

आता ३,४६५. माळकाकू, तुमचं वाचून मला माझ्या आकड्याची लाज वाटली, आणि मग लाज बाजूला ठेवून मी आमच्या भिशीतल्या मंगलताईंना फोन केला. इथे आम्ही बाराजणी, महिन्याला ३०० पौंड, गेली पाच वर्षं चालू आहे. चिठ्ठ्या टाकतो, पण अडचण असेल तर नंबर आधी देतात. मी कधी मागितला नव्हता. मागच्या वेळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरासाठी दिला, त्याआधी एकीला वडिलांच्या आजारपणात तिकिटासाठी. मंगलताई म्हणाल्या, "अगं, फोन कशाला केलास, घरी येऊन सांगायचं ना, मी शिरा केला असता." ऑगस्टचा नंबर माझा. ३,६०० हातात येतील. ३,४६५ भरून १३५ उरतील, त्यात स्टेथोस्कोप बसतोय का बघते. पुढचे महिने ३०० भरत राहायचे आहेत, ते शनिवारच्या पाळीतून.

नवऱ्याला सांगितलं. या वेळी "बघू" म्हणाला नाही. म्हणाला, "शिऱ्याला मलाही ने."

---

शेवंता_लिमरिक

भिशी!! मी बँकेत कॉफी पीत बसले होते.

---

पागोळी

ताई, विपु (विचारपूस) केलीय. परवान्याला वेळ आहे माझ्या, पण भिशीत तेरावी चालेल का? कॉव्हेंट्री मला ट्रेननं जवळच आहे.